ईशूला घेऊन फायनलला

मी ईशूच्या डोक्याला टोपडं बांधत होते, तेवढ्यात ह्यांनी लाकडी खुर्ची उचलली, नेऊन दारात आडवी टाकली आणि तिच्यावर बसले.

"जायचं तिनं खुशाल जावं," हे म्हणाले. "लेकरू घरातनं बाहेर जाणार न्हाई."

गीतांजली, माझी सून, खांद्याला पिशवी अडकवून उभी होती. पिशवीत बूट, मोजे, हातमोजे आणि कॉलेजनं दिलेली हिरवी जर्सी. तिनं माझ्याकडं बघितलं. ईशू तेव्हा आठ महिन्यांची. वरचं दूध तोंडाला लावत नव्हती. बाटली दिली की जिभेनं ढकलून द्यायची आणि घर डोक्यावर घ्यायची. हे ह्यांना चांगलं ठाऊक होतं. लेकरू घरात अडकवलं की आई कुठं जातीय!

आमचं घर कोल्हापूरच्या पेठेतलं, तालमीच्या मागच्या बोळातलं. कोल्हापुरात तालमी-तालमींच्या फुटबॉलच्या टीम असतात. आमच्याकडं पोरगं चालायला लागलं की त्याच्या पायात आधी बॉल येतो, मग चप्पल. ह्यांना अख्खी पेठ 'नाना गोलकीपर' म्हणायची. ज्ञानदेव इंगवले म्हटलं तर पोस्टमनलाही पत्ता सापडला नसता. लग्न होऊन आले त्या वर्षापासून मी आधी ह्यांचे, मग धाकट्या दिरांचे आणि मग आमच्या लेकाचे, रणजितचे, चिखलाचे कपडे धूत आले. कुठल्या मैदानाची माती कशी निघते ते मला कळायचं. पण मॅच मात्र मी एकही बघितलेली नव्हती. आमच्या घरातल्या बायका मॅचला जात नसत.

गीतांजली गडहिंग्लजची. तिकडंही फुटबॉलचं वेड आमच्याइतकंच. शाळेत असताना ती पोरांच्यात गोलकीपर म्हणून खेळायची. स्थळ आलं तेव्हा हे कौतुकानं म्हणाले होते, "पोरगी खेळाडू हाय, अंगानं चपळ असंल." म्हणजे घरकामाला. लग्नानंतर तिचं कॉलेज सुटलं, ईशू झाली, आणि मग मीच मागं लागून तिला शेवटच्या वर्षाला पुन्हा बसवलं. सकाळी ती कॉलेजला जायची, मी पोर सांभाळायची. दोन तासांत ती पाजायला परत यायची, त्याहून जास्त पोर दम धरत नव्हती. कॉलेजच्या मुलींच्या टीमबरोबर ती मधूनमधून सरावही करत होती. ते मला माहीत होतं, बाकी कुणाला नाही.

त्या आठवड्यात त्यांच्या गोलकीपर पोरीचं बोट सेमीफायनलमध्ये मोडलं. पोवार सर, त्यांचे खेळाचे शिक्षक, आमच्या घरी आले. ह्यांनी त्यांना चहा पाजला, जुन्या मॅचच्या गप्पा मारल्या. सरांनी गीतांजलीला फायनलला गोलात उभं करायचा विषय काढला तशी कपबशी खाली ठेवली.

"सर, पोरांचं वेगळं. लेकुरवाळी बाई चड्डी घालून चारचौघांत उड्या मारणार? पेठेत तोंड कुठं दाखवू मी?"

"नाना, तुमच्याइतकं गोलकीपिंग कळणारा माणूस ह्या गावात न्हाई. तुम्हीच असं म्हटल्यावर…"

"म्हणूनच म्हणतोय. त्यात किती मार बसतो मला ठाऊक हाय."

रणजित बाजूला उभा होता. सरांनी त्याच्याकडं बघितलं. तो म्हणाला, "नाना म्हणतील तसं." आणि दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या पहिल्या पाळीला निघून गेला. फायनलच्या दिवशीही त्याची तीच पाळी होती.

गीतांजली रडली नाही. भाकरी थापता थापता मला म्हणाली, "आत्या, मी जाणार हाय. पुढं काय व्हायचं ते होऊ दे."

मी एवढंच विचारलं, "ईशू कधी पिणार?"

"हाफटाइमला."

"मग मला यावं लागंल," मी म्हणाले. भाकरी तव्यावर तशीच राहिली आणि ती माझ्याकडं बघत बसली.

आणि आता हे दारात खुर्ची टाकून बसले होते.

"उठा," मी म्हणाले.

"काय म्हणालीस?"

"दारातनं उठा. ऊन वाढायच्या आत पोचायचं हाय आमाला."

"आमाला म्हंजे? तू कुठं निघालीस?"

"फायनलला."

हे हसले. मला वाटतं त्यांना खरंच चेष्टा वाटली असावी. मग माझ्या तोंडाकडं बघून हसू थांबलं. "अक्काताई, डोकं फिरलंय का तुझं? माझ्या पेठेत, माझ्या माणसांत तू पोर काखंत मारून पोरींच्या मॅचला जाणार? मी उठत न्हाई. बघतो कशी जातीस."

घराला मागचं दार होतं. धुणं वाळत घालायला मीच ते वापरायची. ह्यांच्या ते ध्यानातही नसावं. मी ईशूला काखेत घेतलं, दुपट्यांची पिशवी घेतली, गीतांजलीच्या दंडाला धरलं आणि मोरीवरनं मागं निघाले. हे मागनं ओरडले, "अगं ए!" पण खुर्ची बाजूला करून उठेपर्यंत आम्ही बोळाच्या तोंडाला रिक्षा थांबवली होती.

रिक्षात गीतांजलीनं हातमोजे बाहेर काढले, पुन्हा पिशवीत ठेवले.

"आत्या, संध्याकाळी मामा काय म्हणतील?"

"संध्याकाळचं संध्याकाळी."

"तुम्ही कशाला अंगावर घेतलंत? मी एकटीनं निस्तरलं असतं."

"तू आज बॉलकडं बघ. बाकीचं मी बघते."

कॉलेजचं मैदान गावाच्या कडेला होतं. एका अंगाला वर्गांची इमारत, दुसऱ्या अंगाला रस्ता आणि मध्ये लोखंडी गजांचं कुंपण. मार्चचं ऊन. मांडव घातलेला, त्यात पाहुण्यांच्या खुर्च्या. बघायला मुलं-मुली बरीच होती. काही पोरं नुसती शिट्ट्या मारायला आली होती. पोवार सरांनी मला मांडवात बसा म्हटलं. मी म्हटलं, "न्हाई, मी हिच्या मागं बसते." आणि गोलपोस्टाच्या मागं, दोरीच्या पलीकडं, जमिनीवर दुपटं पसरून ईशूला मांडीवर घेऊन बसले.

गीतांजली हिरवी जर्सी घालून, केस करकचून बांधून आली. जाळीला हात लावला, दोन्ही खांबांवर बुटाची टाच मारली, आणि मांजर बसतं तशी गुडघ्यात वाकून उभी राहिली. असल्या जर्सीतला घाम आणि माती एवढी वर्षं माझ्या हाताखालनं गेली होती. आतलं माणूस मी पहिल्यांदा बघत होते.

समोरची टीम इचलकरंजीच्या बाजूच्या एका कॉलेजची. दांडग्या पोरी. त्यांची कॅप्टन तर एवढी उंच की आमच्या पोरी तिच्या खांद्याला लागत होत्या. पहिल्यापासून बॉल आमच्याच बाजूला. गीतांजलीनं दोनदा झेप घालून अडवला. एकदा बॉल सरळ छातीवर बसला तेव्हा मीच डोळे मिटले. अंगावर पाजणाऱ्या बाईला तो मार काय असतो ते त्या मैदानात मलाच कळत होतं. ती क्षणभर वाकली, आणि उठून बॉल लांब फेकून दिला. शिट्ट्या मारणारी पोरं आता टाळ्या वाजवायला लागली.

मग ईशू रडायला लागली.

तिची वेळ झाली होती. मी थोपटलं, उभं धरलं, खुळखुळा वाजवला. तिला आई समोर दिसत होती, हाकेच्या अंतरावर, आणि आई वळून बघत नव्हती. तिनं असा टाहो फोडला की मांडवातल्या माणसांनी माना वळवल्या. नेमकी तेव्हाच ती उंच पोरगी बॉल घेऊन आत घुसली. गीतांजलीनं मान वळवली. किंचितच. बॉल तिच्या बाजूनं जाऊन जाळीत बसला.

ती तशीच उभी राहिली. मग मागं वळून माझ्याकडं बघितलं. तिच्या जर्सीवर छातीपाशी दोन ओले डाग उमटले होते.

"ह्याच्यासाठीच बायकांनी घरी बसावं," मागनं कुणीतरी मास्तर म्हणाले.

मी उठले. ईशूला छातीशी धरलं आणि तडक मैदानाच्या पार पलीकडच्या टोकाला, कुंपणाजवळच्या लिंबाखाली गेले. तिथनं रडणं ऐकू जाणार नव्हतं. पोर माझ्या गळ्याशी चोखत होती, नखांनी ओरबाडत होती. तिच्या तोंडात मी माझं बोट दिलं, पानं दाखवली, कावळा दाखवला. मॅचकडं बघायला सवड नव्हती. नुसता आरडाओरडा ऐकायचा आणि आपल्या बाजूचा असावा अशी आशा करायची.

हाफटाइमची शिट्टी झाली तशी मी पळत सुटले. त्या वयात, नऊवारीत, काखेत पोर घेऊन मी मैदान ओलांडून पळाले. खेळाचं सामान ठेवायच्या खोलीत गीतांजली मला भेटली. टीमच्या पोरींनी दाराला चादर धरली. ईशू आईला अशी चिकटली की जर्सी तिच्या मुठीतनं सुटेना.

"आत्या, तो गोल माझ्यामुळं झाला."

"गप. आधी पाज. कढ काढत पाजू नये."

पोर पीत राहिली. भुकेली होती आणि तिला घाई नव्हती. शिट्टी झाली. दुसरीही झाली. चादरीपलीकडनं पोवार सर म्हणाले, "गीतांजली, पंच बोलावतायत." तिनं ईशूला सोडवायला बघितलं, तशी ईशू पुन्हा रडली.

"तू बस," मी म्हणाले आणि बाहेर आले.

पंच तरुण होते. हातात घड्याळ धरून मधल्या रेषेवर उभे. मी दोरी ओलांडून थेट त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिले.

"साहेब, आमची गोलकीपर लेकराला पाजतीया. जरा दम धरा."

"आजी, तुम्ही आत यायचं नाही. वेळ ठरलेली असते. नियम आहे."

"तुमच्या आईनं तुमाला घड्याळ बघून पाजलं हुतं काय?"

त्यांचा चेहरा लाल झाला. आजूबाजूच्या पोरी फिसकन हसल्या. तेवढ्यात ती समोरच्या टीमची उंच कॅप्टन पुढं आली. मला वाटलं आता ही भांडणार. ती म्हणाली, "सर, थांबूया की. आम्हालाबी अजून पाणी प्यायचंय." आणि खरंच जाऊन, प्यायलेली असूनसुद्धा, पुन्हा बाटली तोंडाला लावून उभी राहिली. तिच्या मागं तिची सगळी टीम.

पंचांनी घड्याळाकडं बघितलं, आभाळाकडं बघितलं आणि थांबले.

दुसऱ्या हाफमध्ये बाजू बदलल्या. गीतांजली आता रस्त्याच्या अंगाच्या गोलात आली आणि मी तिच्या मागं, कुंपणाला पाठ लावून बसले. ईशूचं पोट भरलं होतं. ती माझ्या मांडीवर बसून बांगड्या वाजवत होती. गीतांजली वेगळीच खेळत होती. आता तिला मागं बघायची गरज नव्हती. बॉल येईल तिथं ती आधीच जाऊन उभी असायची. "मागं ये! डावीकडं!" असं ओरडून ती पोरींना जागेवर लावत होती. घरात जिचा आवाज स्वयंपाकघराच्या बाहेर येत नव्हता, तिचा आवाज मैदान भरून ऐकू येत होता. वेळ संपत आली तेव्हा आमच्या एका काळ्यासावळ्या, बुटक्या पोरीनं लांबनं मारलेला बॉल त्यांच्या जाळीत गेला. बरोबरी. मी ईशूला वर उडवलं.

तेव्हाच मागनं, कुंपणाच्या पलीकडनं, आवाज आला.

"काय नाना, आज पोरींच्या मॅचला?"

मी मान वळवली. रस्त्यावर, गजांना धरून, हे उभे होते. शोधत आले असावेत. टोपी कपाळावर ओढलेली. त्यांच्या शेजारी दोघं-तिघं उभे होते. पेठेतले नव्हते, पण जुने बघे असणार, ह्यांना ओळखणारे.

"ती हिरव्या जर्सीतली गोलात भारी हाय बरं का," एकजण म्हणाला. "आणि ही बाई कोण हो, लेकरू घेऊन मैदानात बसलीया? मगाशी पंचाशी भांडत हुती म्हणं."

ह्यांची आणि माझी नजरानजर झाली. आमच्यामध्ये फक्त ते गज.

"असंल कुणीतरी," हे म्हणाले आणि दुसरीकडं बघायला लागले.

आता ते सांगायला हवं, जे तोवर मी कुणाला सांगितलं नव्हतं.

रणजित तान्हा होता तेव्हाची गोष्ट. ह्यांच्या तालमीची मोठी फायनल होती आणि मी विशीचीही नव्हते. गावभर ह्यांचंच नाव. मला वाटलं, पोराला त्याचा बाप खेळताना दाखवावा. कळत नसलं म्हणून काय झालं. सासूबाई देवळात गेल्या होत्या. मी नवं लुगडं नेसले, पोराला तीट लावली, झबलं घातलं आणि चालत स्टेडियमच्या दारात गेले. आतबाहेर सगळे पुरुष. तेवढ्यात तालमीची टीम आली. मधोमध हे, खांद्यावर टॉवेल. मी पुढं झाले, पोराला उचलून धरलं. ह्यांच्याबरोबरचा एक नवा खेळाडू म्हणाला, "नाना, ही कोण रं?" ह्यांनी माझ्याकडं बघितलं. पोराकडं बघितलं. आणि म्हणाले, "असंल कुणीतरी." आणि आत गेले. दारावरचा माणूस मला म्हणाला, "बाई, घरला जा. हितं तुमचं काय काम?"

मी गेले. रात्री हे गुलालानं माखून आले. मी गुलालाचे कपडे धुतले. मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी काढलं नाही.

आता पुन्हा तेच शब्द माझ्या कानावर आले, तशी मी ईशूला घेऊन उठले. कुंपणाला तोंड करून उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "कुणीतरी न्हवं! मी अक्काताई इंगवले. हे नाना गोलकीपर, माझे मालक. ही त्यांची नात. आणि गोलात हाय ती त्यांची सून!"

एकजण म्हणाला, "नाना, खरं का काय?" ह्यांनी टोपी आणखी खाली ओढली.

"ओळख दावा न्हाईतर दावू नका," मी ह्यांना म्हणाले. "एकदा पोराला घेऊन दारातनं माघारी गेले. आता जायची न्हाई."

ह्यांनी गज सोडले आणि मागं वळून गर्दीत गेले. मी बसले नाही. बाकीची मॅच उभ्यानं बघितली.

बरोबरी सुटली नाही, तेव्हा पेनल्टी घ्यायचं ठरलं. त्याही आमच्याच बाजूच्या गोलात झाल्या. गीतांजलीनं दोन अडवल्या. दुसरी अडवली तेव्हा शिट्ट्या मारणारी पोरं नाचायला लागली. पण आमच्या पोरींचे नेम चुकले. शेवटची पेनल्टी त्या उंच कॅप्टननं मारली. गीतांजली उजवीकडं झेपावली, बॉल डावीकडं गेला. आम्ही हरलो.

ती जमिनीवर तशीच पडून होती. ती कॅप्टनच आधी तिच्याकडं आली, हात देऊन उठवलं, मग दोघी माझ्याकडं आल्या. कॅप्टननं ईशूच्या गालाला बोट लावलं आणि मला म्हणाली, "आजी, पुढच्या वर्षी आमच्या बाजूनं भांडायला या." गीतांजलीनं ईशूला घेतलं. तिच्या कोपराचं कातडं सोललं होतं, तोंडावर माती होती, आणि इतकी थकलेली मी तिला कधी बघितली नव्हती, आणि इतकी ताठही नाही.

बोळात शिरताना ती म्हणाली, "आत्या, आत घेतील ना?"

"घर माझंबी हाय," मी म्हणाले.

दार सताड उघडं होतं. हे बाहेरच्या खोलीत पलंगावर बसले होते. आम्ही आत गेलो. गीतांजली मान खाली घालून स्वयंपाकघराकडं निघाली.

"थांब," हे म्हणाले.

ती थांबली.

"शेवटच्या पेनल्टीला, ती पोरगी पळत आली तेव्हा तू कुठं बघत हुतीस?"

गीतांजलीनं माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "तिच्या डोळ्यांकडं, मामा."

"डोळं फसवत्यात. ती उजवीकडं बघून डावीकडं मारणारी हाय, पहिल्या हाफलाबी तेच केलं तिनं." म्हणजे पहिल्या हाफपासून हे कुठंतरी उभे होते. "कंबर बघायची. कंबर खोटं बोलत न्हाई. फिरंल तिकडं बॉल."

हे उठले. वयानं गुडघे धरले होते तरी पलंग आणि कपाटाच्या मध्ये वाकून उभे राहिले, हात पसरले. "हे असं. आणि आधी पडायचं न्हाई. तू आधी पडलीस." मग लाजल्यासारखे सरळ झाले. "जा, कोपर धू. हळद लाव."

ईशूला माझ्याकडं देऊन ती आत गेली. नळ सुटल्याचा आवाज आला.

ह्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. भिंतीकडं बघत म्हणाले, "ते स्टेडियमच्या दारातलं… अजून ध्यानात हाय तुझ्या?"

"तुमच्याबी हाय म्हणायचं," मी म्हणाले.

हे माझ्यापाशी आले आणि दोन्ही हात पुढं केले. मी ईशूला त्यांच्याकडं दिलं. त्यांनी तिला उजेडाकडं धरून नीट बघितलं. तिचा एक गाल उन्हानं लालबुंद झाला होता.

"पुढच्या वेळी," हे म्हणाले, "मांडवात बसत जा. पोर करपून निघाली उन्हात."